लाकडी झापडं

सुतारकामाच्या मास्तरांना त्या बाई किती माहीत होत्या, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर 'नऊ दुपारी' एवढंच आहे. नऊ दुपारी आणि नंतरचा एक फोन. त्या कुठल्या गावच्या, घरी कोण कोण होतं, यातलं मास्तरांनी काहीच विचारलं नाही. विचारण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. दुसऱ्यानं यांच्या पायावर फळी पाडली तरी आधी 'माफ करा' म्हणणारा हा माणूस. बाई गेल्याची बातमी आली तेव्हा शाळेत कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमचं बरं जमायचं त्यांच्याशी. तुम्हीच दोन शब्द बोला." मास्तर उभे राहिले, दोन शब्द शोधले, सापडले नाहीत, खाली बसले. जे जे आठवत होतं ते सगळं मारामारीचं होतं. ते शोकसभेत कसं सांगायचं?

शाळा साधीच होती, पण त्या वर्षी तिथं पाच मुलं अशी आली की दोघांना अजिबात दिसत नव्हतं आणि तिघांना थोडंथोडं दिसत होतं. त्यांना कसं शिकवायचं हे शिक्षकांना शिकवावं म्हणून शिक्षण कचेरीनं या बाईंना बारा दुपारींसाठी पाठवलं. जागा म्हणून सुतारकामाची खोली ठरली, कारण चोवीस माणसं मावतील अशी तीच एक होती. मास्तरांनी पटाश्या फळ्यावर टांगल्या, भुसा झाडला, आणि कोपऱ्यातल्या, लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याजवळ स्टूल घेऊन बसले. मीटिंगमध्ये ते नेहमी असेच बसत, सामानात सामान होऊन.

बाई आल्या. पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, हातात पांढरी काठी. डावा डोळा काचेचा, उजव्यानं दिसायचं ते धुरकट. नमस्कार-चमत्कार काही नाही. "सगळ्यांनी डोळे मिटा," म्हणाल्या. "आता उठा आणि दाराशी या. उघडले तर मला कळतं."

माणसं हसत-खिदळत उठली. बाईंनी पायानं एक स्टूल वाटेत सरकवलं. विज्ञानाच्या बाई त्याच्यावर तोंडघशी पडल्या, नडगी फुटली, रक्त आलं.

"कुणी ठेवलं हे इथं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"अहो, सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगता? बादली, दप्तर, अर्धवट उघडं दार. त्या पोरांना सांगता तुम्ही? फार लागलं का?"

"लागलंच की!"

"मग राहील लक्षात."

भूगोलाच्या सरांनी त्या संध्याकाळी त्यांचं नाव सांगाबाई ठेवलं. कारण दर दोन वाक्यांनी त्यांचं एकच पालुपद: आधी सांगा, मग हात लावा. ज्याला दिसत नाही त्याच्या अंगाला न बोलता हात लावणं म्हणजे त्याच्यावर झडप घालणं. आपण कोण ते आधी सांगा. "आंधळ्यांना शिकवायला आम्हाला तयार करणार आहेत की आम्हालाच आंधळं करणार आहेत?" असं भूगोलाचे सर म्हणाले आणि सगळे हसले. मास्तरही हसले. बाई दारातच होत्या, हे त्यांना नंतर कळलं.

दुसऱ्या दुपारी बाई त्यांच्या शिकंज्यापाशी आल्या. "मास्तर, तुमचा हात चांगला चालतो म्हणतात. मला झापडं करून द्या."

"घोड्याची?"

"शिक्षकांची."

त्यांना डोळ्यांवर बांधायची प्लायवुडची पट्टी हवी होती. प्रत्येक डोळ्यासमोर पेन्सिल जाईल एवढं भोक, आणि भोकात बोटाच्या पेराएवढी लाकडी नळी. "समोरची मुंगी दिसली पाहिजे, पण बाजूचा हत्ती दिसता कामा नये."

पाच मुलांमधल्या एका मुलीला असंच दिसायचं. वर्गातल्या पोरांनी तिला दुर्बीण म्हणायला सुरुवात केली होती. ती औषधाच्या बाटलीवरची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचायची आणि दोन पावलांवरच्या बाकाला धडकायची. शिवाय तिच्या डोळ्याच्या आतला पडदा ओल्या भिंतीवरच्या कागदासारखा सुटायला आला होता. डोक्याला धक्का बसता कामा नये, बसला तर उरलेलंही जाईल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्या नकला काढून प्रत्येक शिक्षकाच्या हातात दिल्या होत्या.

मास्तरांनी चार दिवसांत चोवीस झापडं केली. पहिलं स्वतः बांधून पाहिलं आणि लाकडावर पेन्सिलीनं रेघ मारली. रेघ दिसली. पण करवत रेघेवर ठेवायला मान वळवली तर करवत दिसेना, करवत सापडली तर रेघ हरवली. त्यांना एक मुलगा आठवला, वीसेक वर्षांपूर्वीचा. प्रत्येक फळी रेघ सोडून कापायचा. मास्तरांनी आयुष्यात ज्याला मारलं असा तो एकच. तीन थपडा, एकामागोमाग एक. "डोळे फुटले का तुझे?" असं विचारत विचारत. त्या मुलाचं पुढं काय झालं, हे मास्तरांना माहीत नव्हतं.

हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. त्यांनी फक्त मुलीच्या फळीवर पेन्सिलीच्या रेघेऐवजी सुतळी चिकटवली. तिनं अंगठा सुतळीला लावला आणि करवत सरळ चालवली. "मास्तर, हे आधी का नाही केलंत?" ती म्हणाली. तोंडाळ होती पोर.

कवायतीचे सर मात्र प्रशिक्षणाला बसतच नव्हते. हजेरीवर सही करायची आणि मैदानावर जायचं. डॉक्टरांची नक्कल त्यांनी घडी घालून शिट्टीच्या डबीत टाकली होती. वाईट माणूस होता असं मास्तरांना आजही म्हणवत नाही. कुणाची सायकल पंक्चर झाली तर घरापर्यंत खांद्यावर नेऊन देईल असा. पण हात सैल. "मला बापानं बदडला म्हणून मी सरळ उभा आहे," हे ते पोटावर थाप मारून सांगायचे.

सातव्या दिवशी मास्तर खिडकीपाशी रंधा मारत होते. खिडकीतून मैदान दिसायचं. कवायतीच्या सरांनी मुलीकडे बाजूनं चेंडू टाकला. तिला तो दिसायचा प्रश्नच नव्हता, पण त्याच सकाळी सरांनी तिला व्हरांड्यात बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचताना पाहिलं होतं. चेंडू तिच्या खांद्याला लागून गेला. पोरं हसली.

"झेल की!"

"दिसला नाही सर."

"अस्सं? सकाळी बरं दिसत होतं! मला येडा समजतेस?"

आणि त्यांनी तिच्या कानाखाली दिली. मास्तरांना आवाज खिडकीपर्यंत आला. मुलगी बाजूला फेकली गेली आणि जाळीच्या लोखंडी खांबावर कपाळ आपटलं. भुवई उभी फाटली. ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी डोळे दाबून खाली बसली आणि बोटांमधून रक्त गळायला लागलं. मास्तरांच्या हातात रंधा तसाच होता. पळत जावं, हे त्यांना सुचलंच नाही. पळत गेल्या त्या बाई, काठी टाकून, आवाजाच्या अंदाजानं, वाटेत एका कुंडीला अडखळून पडून पुन्हा उठून.

चार टाके पडले. पडदा जागेवर होता. "अजून तरी," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा लागलं तर माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही."

आठव्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कवायतीच्या सरांना दटावून सुतारखोलीत पाठवलं. ते दात-ओठ खातच आले. बाई शांत होत्या. मास्तरांना वाटतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"सर, हे झापड बांधा. हा डिंकाचा डबा. काय लिहिलंय वाचा."

सरांनी वाचलं. वजन, किंमत, खालचा बारीक इशारासुद्धा.

"म्हणजे सगळं दिसतंय."

"दिसतंय की. लहान पोरांचे खेळ आहेत हे."

"मग दारापर्यंत चाला."

सर निघाले. तिसऱ्या पावलाला त्यांचा गुडघा शिकंज्याच्या दांड्यावर आदळला. त्यांनी शिवी घातली. कुणीतरी हसलं. सर वळले, नळ्यांमधून इकडे तिकडे बघायला लागले, आणि बाई बाजूनं आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. ज्यांचं सगळं आयुष्य 'आधी सांगा' म्हणण्यात गेलं, त्या बाईंनी न सांगता अख्ख्या ताकदीनिशी त्यांच्या कानाखाली जाळ काढला.

फळी चिरावी तसा आवाज झाला. सर बाकावर कोसळले. डोळ्यांवर झापड तसंच. हाताला मोगरी लागली, लाकडी, दोन शेर वजनाची. ती घेऊन ते उठले आणि समोर कोण आहे ते न बघता फिरवली. पहिला घाव हत्यारांच्या फळ्यावर बसला, पटाश्या खळाखळा खाली आल्या, एक भूगोलाच्या सरांच्या बुटात घुसली. दुसरा घाव बाईंच्या गालाच्या हाडावर. त्या भिंतीवर आदळल्या, आणि काचेचा डोळा निसटून जमिनीवर पडला, टणटणत बाकाखाली गेला.

तेव्हा मास्तरांनी जे केलं त्याची त्यांना अजून लाज वाटते. ते भांडण सोडवायला गेले नाहीत. ते गुडघ्यांवर बसून बाकाखाली शिरले आणि रंध्याच्या सालींमध्ये डोळा शोधायला लागले. वर लाथा, बुक्क्या, आरडाओरडा, "धरा त्याला!", "अहो, माझा पाय!", आणि खाली मास्तर, साली चाळत. डोळा सापडेपर्यंत दोघंजण कवायतीच्या सरांच्या छातीवर बसले होते आणि सर लहान मुलासारखे ओक्साबोक्शी रडत होते. "कुठून आला तेच कळलं नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मास्तरांनी डोळा नळाखाली धुतला. बाई व्हरांड्यात गालाला ओलं फडकं लावून बसल्या होत्या. मास्तर समोर गेले, थांबले.

"मी सुतारमास्तर. तुमच्या हातात देतोय."

बाईंनी तळहात पुढं केला. "शिकलात की."

"दुखतंय का?"

"नाही, गुदगुल्या होतायत." मग फडकं उलटं करत, "आमच्या एका मास्तरांनी वर्गावर लोखंडी पट्टी फेकली होती. मला मारायची नव्हती म्हणे. शेजारच्या पोरीला मारायची होती."

पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं की डोळा गोवरात गेला. मुलीला सांगितलं होतं, भावानं दगड मारला. यातलं खरं कुठलं, हे मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित ज्याला जे ऐकायची गरज असेल ते त्या सांगत असतील. कदाचित तिन्हीतलं एकही खरं नसेल.

नवव्या दिवशी सकाळीच कागद फिरला. टाइप केलेला, एक पान. मुलगी दोन दिवसांपूर्वी चालताना स्वतःच पडली. प्रशिक्षणाच्या बाईंनी विनाकारण शिक्षकावर हल्ला केला. सबब प्रशिक्षण थांबवावं, आणि सदर मुलीला सुरक्षितपणे चालता येत नसल्यानं तिला दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत हलवावं. खाली सह्यांसाठी रेघा.

मास्तर तेविसावे होते. कारकुनानं कागद बाकावर ठेवला, पेन काढून दिलं, वर म्हणाला, "करून टाका मास्तर, चहा निवतोय." आणि मास्तरांनी सही केली. पस्तीस वर्षांत समोर आलेल्या कुठल्याही कागदावर त्यांनी सही केली नाही असं झालं नव्हतं. हात आपोआप गेला.

दुपारी बाई आल्या. अर्धा चेहरा काळानिळा, सुजून उजवा डोळाही मिटत आलेला.

"खिडकी तुमची आहे," त्या म्हणाल्या. "मैदान दिसतं तिथून. तुम्ही पाहिलंत."

"हो."

"आणि सही केलीत."

मास्तर बाकावरचा भुसा हातानं गोळा करायला लागले.

"ती स्वतः पडली म्हणून?"

बाईंनी चाचपडत मोगरी शोधली. मास्तरांना वाटलं, आता आपली पाळी. त्यांनी डोळे मिटून घेतले. पण घाव बाकावर बसला. बाईंनी झापडांची चळत ओढली आणि एकेक झापड समोर ठेवून फोडायला सुरुवात केली. नळ्या फुटून उडत होत्या, प्लायच्या कपच्या मास्तरांच्या तोंडावर येत होत्या. एक, दोन, पाच, दहा. मध्येच एक घाव चुकून त्यांच्याच बोटावर बसला, नखाखालून रक्त आलं, तरी थांबल्या नाहीत. चोविसावं फोडलं तेव्हा धापा टाकत म्हणाल्या, "माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी मारलं ते लिहा. बिनधास्त लिहा. मला त्याचा पश्चात्ताप नाही, हेही लिहा. पण त्या पोरीला चालता येत नाही म्हणून हाकलतायत, मास्तर. ती पडली नाही. तिला पाडलं."

मास्तर उठले. अंगावरच्या कपच्या झाडल्या आणि कारकुनाच्या खोलीत गेले.

"तो कागद द्या जरा."

"कशाला?" कारकून म्हणाला.

"सही काढायची आहे."

"सही म्हणजे खिळा वाटला का मास्तर, उपटायला?"

"द्या," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. त्यांनी कानावरची सुताराची जाड पेन्सिल काढली, आपलं नाव खोडलं आणि खाली लिहिलं. अक्षर वेडंवाकडं, पण तीन ओळी वाचता येत होत्या. मुलीला कवायतीच्या सरांनी मारलं, ती पडली नाही, मी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सरांना आधी मारलं, हेही मी पाहिलं. आणि वीस वर्षांपूर्वी मी एका मुलाला न दिसल्याबद्दल मारलं होतं, त्याची चौकशी करायची असेल तर मी हजर आहे.

मोठ्या बाईंनी तो कागद वाचला आणि दार लावून घेतलं. "मास्तर, निवृत्तीला एक वर्ष राहिलं तुमचं. हे काय काढलंत?"

"तिला जाऊ देऊ नका, मोठ्या बाई."

"आणि तिसऱ्या ओळीचं काय? ती कुणी विचारली होती?"

"कुणी नाही."

संध्याकाळपर्यंत विज्ञानाच्या बाई नडगीवरची पट्टी सावरत आल्या आणि त्यांनीही नाव खोडलं. मग भूगोलाच्या सरांनी. "मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले, "पण ती पडली हेही मी कुठं पाहिलं?" बाकीचे वीस तसेच राहिले. आठवडाभर मास्तरांशी शिक्षकांच्या खोलीत कुणी बोललं नाही. कुणीतरी त्यांच्या सायकलच्या दोन्ही चाकांत पटाशी घातली. मास्तरांचीच पटाशी.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी शिक्षण कचेरीतले साहेब आले, मुलीचे टाके बघितले, डॉक्टरांची नक्कल शिट्टीच्या डबीतून बाहेर काढायला लावली, आणि मुलगी राहिली. कवायतीच्या सरांची बदली झाली. तिथं ते हात आवरतात की नाही, हे मास्तरांना माहीत नाही. बाईंना त्याच दिवशी कमी केलं, मास्तरांच्याच दुसऱ्या ओळीवरून. तो कागद साहेबांनी बाईंना वाचून दाखवला तेव्हा मास्तर भिंतीला टेकून उभे होते. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे, आधी मीच मारलं," आणि काठी घेऊन निघाल्या. मास्तर फाटकापर्यंत मागं गेले, पण हाक मारायची हिंमत झाली नाही.

तीन दुपारी उरल्या होत्या. साहेब म्हणाले, कुणीतरी पूर्ण करा. कुणी पुढं येईना. शेवटी मास्तरांनी पुन्हा झापडं केली, बाराच, कारण बाराच जण आले. 'आधी सांगा' हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मागच्यांनी "मोठ्यानं, मास्तर!" म्हणून ओरडून सांगितलं. मुलीला त्यांनी समोर बसवलं, आणि कुठं काय चुकतंय ते तीच सांगत गेली. तिनं सगळ्यांना घाम फोडला.

शेवटची दुपार संपल्यावर मास्तरांनी कारकुनाकडून नंबर घेऊन बाईंना फोन लावला. तेवढंच त्यांचं शेवटचं बोलणं.

"मी सुतारमास्तर बोलतोय."

"बोला."

"झालं पूर्ण. तिन्ही दिवस."

"कोणी पडलं का?"

"दोघं. भूगोलाच्या सरांचा दात हलतोय."

"आणि ती?"

"आहे. आज फळी कापली तिनं. माझ्यापेक्षा सरळ."

"तुमची कधी सरळ होती?"

मास्तर हसले. काहीतरी बोलायचं होतं, ते काय हे त्यांना आठवेना. "तुमचा गाल कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चावताना दुखतो. बरं मास्तर, ठेवते. दूध गॅसवर आहे, उतू जाईल."

"हो, हो. ठेवा."